विंचेस्टरच्या टेकडीवर अब्बांची आठवण

आमच्या घरी बैठकीच्या खोलीत एक जुना फोटो आहे. १९७४ सालचा. गोल्फची स्पर्धा जिंकलेले एक साहेब हातात चषक घेऊन उभे आहेत, शेजारी दोन पाहुणे आहेत आणि अगदी डाव्या कडेला एक हात दिसतो. नुसता हात. त्याने एका जाड कातडी बॅगेचा पट्टा धरलेला आहे. तो हात आमच्या अब्बांचा. फोटो काढणाऱ्याने त्यांना 'जरा बाजूला हो' म्हणून सांगितले होते. ते बाजूला झाले. पण बॅग जमिनीवर टेकवायची नाही ही सवय, त्यामुळे हात तेवढा फोटोत राहून गेला.

अब्बा ३१ वर्षे कॅडी होते. ज्यांना हा शब्द माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: गोल्फ खेळणाऱ्याची बॅग खांद्यावर घेऊन मैदानभर त्याच्याबरोबर चालणारा, चेंडू कुठे पडला ते ध्यानात ठेवणारा, कोणती काठी घ्यावी आणि उतार कुठल्या बाजूला आहे हे हळूच सांगणारा माणूस म्हणजे कॅडी. एका फेरीत सात-आठ किलोमीटर चालणे होते. अब्बा बहुतेक दिवस दोन फेऱ्या करत. शहरातल्या त्या क्लबाचे नाव इथे लिहीत नाही. ज्यांच्याशी आमचा हिशेब होता ते लोक आता हयात नाहीत. अब्बांचे गुडघे गेले तेव्हा त्यांच्या हातावर शेवटच्या आठवड्याची मजुरी पडली, एवढेच सांगतो.

आम्ही दोघे भाऊ. थोरला शाळामास्तर होता, आता निवृत्त आहे. लहानपणी सुट्टीत तो अब्बांबरोबर जाई आणि झुडपांतून हरवलेले चेंडू शोधून देई. अब्बा घरी बसले त्या दिवसापासून त्याने गोल्फ हा शब्द उच्चारला नाही. धाकटा इंग्लंडात एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. चाळिशी उलटल्यावर तो लंडनच्या बाहेरच्या एका सार्वजनिक मैदानावर गोल्फ शिकला, आणि ही गोष्ट त्याने थोरल्यापासून दोन वर्षे लपवून ठेवली. गेल्या जूनमध्ये थोरला त्याच्याकडे गेला तेव्हा जिन्याखालच्या कपाटात गोल्फची बॅग दिसली. त्या रात्री जेवताना घरात कोणी फारसे बोलले नाही.

दोन दिवसांनी धाकट्याने विषय काढला. "भाईजान, विंचेस्टरला एक जुने मैदान आहे. तिथल्या क्लबात पूर्वी एक व्यावसायिक खेळाडू होता. तो लहानपणी कॅडी होता. एकदा चला. नाही आवडले तर परत कधी म्हणणार नाही."

थोरला म्हणाला, "शहर बघायला येतो. खेळायचे तिथे गेल्यावर बघू."

रेल्वेने विंचेस्टरला

लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून विंचेस्टरला जायला साधारण एक तास लागतो. डब्यात पराठे आणि अंडी होती, थर्मासमध्ये चहा होता. वाटेत वोकिंग लागते. त्या गावात, रेल्वेमार्गाजवळच, शाहजहाँ मशीद आहे. भोपाळच्या शाहजहाँ बेगम यांच्या मदतीने ती १८८९ साली उभी राहिली. ब्रिटनमध्ये मशीद म्हणूनच बांधलेली ही पहिली इमारत. आम्हाला ज्या क्लबात जायचे होते तो त्याच्या एकच वर्ष आधी, १८८८ साली, स्थापन झालेला. थोरला खिडकीबाहेर बघत म्हणाला, "एका बेगमसाहेबांनी परक्या देशात मशीद उभी केली, आणि आपण जातोय चेंडू मारायला." पण तो हसत होता. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

विंचेस्टर हे फार मोठे शहर नाही. वेसेक्सच्या राज्याची ही जुनी राजधानी. राजा आल्फ्रेडचा तलवार उंचावलेला पुतळा मुख्य रस्त्याच्या खालच्या टोकाला उभा आहे. तिथून दोन पावलांवर इचेन नदी वाहते. पाणी इतके स्वच्छ की तळाचे हिरवे शेवाळ आणि त्यात उभे राहिलेले मासे पुलावरून दिसतात. अशा नद्या खडूच्या टेकड्यांमधून झऱ्यांनी भरतात आणि जगातल्या अशा नद्यांपैकी बहुतेक इंग्लंडातच आहेत. पावसाचे पाणी टेकडीत मुरते, खडूत गाळले जाते आणि महिन्यांनी खाली झऱ्यातून बाहेर पडते. म्हणून उन्हाळ्यातही नदी आटत नाही आणि पावसाळ्यातही सहसा गढूळ होत नाही.

सकाळी आम्ही कॅथेड्रल पाहिले. १०७९ साली त्याचे काम सुरू झाले. युरोपातल्या सर्वांत लांब कॅथेड्रलांपैकी हे एक. लेखिका जेन ऑस्टिन हिची कबर इथे आहे, ती पाहायला दूरदूरचे लोक येतात. आमचे पाय मात्र एका लहानशा पुतळ्यापाशी थांबले. पाणबुड्याचा पोशाख घातलेला माणूस. प्रार्थनास्थळात पाणबुड्या कशासाठी?

हकीकत अशी. ही भव्य इमारत नदीकाठच्या पाणथळ, भुसभुशीत जमिनीवर बांधलेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भिंतींना मोठमोठे तडे गेले आणि ती कोसळते की काय अशी वेळ आली. पाया भरून काढायचा तर खड्डा खणताच त्यात पाणी भरे. तेव्हा विल्यम वॉकर नावाच्या पाणबुड्याला बोलावण्यात आले. १९०६ ते १९११ अशी वर्षे तो रोज त्या काळ्या पाण्यात उतरला. आत काही दिसत नसे, सगळे काम हाताने चाचपून. पंचवीस हजारांहून अधिक पोती काँक्रीट त्याने भिंतींखाली रचले. कॅथेड्रल वाचले. पुढे १९६४ साली त्याचा छोटा पुतळा बसवला, तर चेहरा निघाला दुसऱ्याचाच! कामावरचे इंजिनिअर सर फ्रान्सिस फॉक्स यांचा. फोटो ओळखण्यात चूक झाली होती. खऱ्या वॉकरचा पुतळा तिथे यायला आणखी जवळजवळ चाळीस वर्षे गेली.

थोरला बराच वेळ त्या पुतळ्यासमोर उभा होता. मग म्हणाला, "याचा चेहरा तरी शेवटी मिळाला."

धाकट्याला कळले तो कशाबद्दल बोलतोय. आम्ही दोघेही पुढे काही बोललो नाही.

खडूची टेकडी

शहराच्या पश्चिमेला सॅरम रोड चढत जातो. हा मूळचा रोमन लोकांनी बांधलेला रस्ता, विंचेस्टरहून जुन्या सॅरमकडे जाणारा. त्याच रस्त्याला टेग डाउन नावाची टेकडी आहे आणि तिच्यावर रॉयल विंचेस्टर गोल्फ क्लबचे मैदान. 'डाउन' म्हणजे इंग्रजीत खाली. पण इथे हा शब्द जुन्या भाषेतून आला आहे आणि त्याचा अर्थ नेमका उलटा, टेकडी. 'टेग' म्हणजे दुसऱ्या वर्षात आलेले मेंढरू. नावातच या जमिनीचा इतिहास आहे. दक्षिण इंग्लंडच्या या टेकड्या शतकानुशतके मेंढ्यांनी चरून साफ ठेवल्या. गवत बोटभरही वाढू द्यायचे नाही, झुडूप उगवले की खुडायचे, हे काम मेंढ्यांनी केले म्हणून ही मऊ, दाट हिरवळ तयार झाली. माणसाने गोल्फ खेळायचे ठरवले तेव्हा मैदान जवळजवळ तयारच होते.

हिरवळीखाली वीतभर माती, आणि त्याखाली पांढराशुभ्र खडू. शाळेत फळ्यावर लिहितो त्या जातीचाच खडक. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे उबदार समुद्र होता. डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळाची कवचे त्याच्या तळाशी साचत गेली, त्यांचा हा खडक झाला. मध्येच काळ्या गारगोटीचे गोळे सापडतात. विंचेस्टरच्या जुन्या भिंती याच गारगोटीच्या आहेत.

आदल्या रात्री पाऊस पडला होता. आम्ही आपले काळ्या मातीच्या देशातले. पाऊस पडला की चपलेला शेरभर चिखल चिकटणार हे गृहीत धरून आम्ही जुने बूट आणले होते. इथे बूट कोरडे ते कोरडेच. सगळे पाणी खडूने पिऊन टाकलेले. म्हणूनच अशा मैदानांवर हिवाळ्यातही खेळ चालू राहतो. थोरल्याने वाकून गवतावर तळहात टेकवला आणि म्हणाला, "गालिचा आहे रे, छोटे. अब्बांनी बघायला पाहिजे होते."

मैदानाच्या दोन्ही अंगांना उंच झाडांच्या रांगा आहेत. त्यांतले बीचचे झाड ओळखायला सोपे, खोड हत्तीच्या पायासारखे करडे आणि गुळगुळीत, पानांतून येणारे ऊन पोपटी. काही ठिकाणी यू नावाची काळपट हिरवी, शेकडो वर्षे जगणारी झाडे. गंमत म्हणजे मेंढ्या चरत होत्या तोवर अशा टेकड्या उघड्याबोडक्या असत. मेंढ्या गेल्या, काही झाडे माणसांनी लावली, काही आपोआप उगवली, आणि आज खेळणाऱ्याला झाडांच्या दोन भिंतींमधून चेंडू काढावा लागतो. जिथे गवत कापलेले नाही तिथे रानफुले आहेत आणि वर आकाशात चंडोल न थांबता गात असतो.

टेलर कोण होता?

ज्या माणसासाठी धाकट्याने हे ठिकाण निवडले त्याची गोष्ट इथे सांगायला हवी.

जॉन हेन्री टेलर याचा जन्म १८७१ सालचा, डेव्हन परगण्यातल्या नॉर्दम गावचा. तो तान्हा असतानाच वडील वारले. अकराव्या वर्षी शाळा सुटली. गावाजवळच्या रॉयल नॉर्थ डेव्हन क्लबाच्या मैदानावर तो कॅडी झाला, घरगडी म्हणून राबला, मैदानाची निगा राखणाऱ्यांच्या हाताखाली गवत कापले. दुसऱ्याच्या बॅगा वाहता वाहता तो खेळ शिकला. पुढे तो विंचेस्टरच्या याच क्लबाचा व्यावसायिक खेळाडू झाला आणि इथे असतानाच १८९४ साली सँडविच इथली ओपन स्पर्धा जिंकला. ही स्पर्धा स्कॉटलंडबाहेर त्या वर्षी पहिल्यांदाच भरली होती आणि ती जिंकणारा टेलर हा पहिला इंग्लिश व्यावसायिक. पुढच्या वर्षी सेंट अँड्र्यूजला जाऊन तो पुन्हा जिंकला. १९००, १९०९ आणि १९१३ मिळून एकूण पाच वेळा.

पण आम्हाला त्याचे मोठेपण चषकांपेक्षा दुसऱ्या गोष्टीत वाटते. त्या काळी व्यावसायिक खेळाडू हा नोकर समजला जाई. तो सभासदांना शिकवायचा, त्यांच्या काठ्या दुरुस्त करायचा. पण क्लबाच्या इमारतीत पुढच्या दाराने त्याला प्रवेश नसे. टेलरने १९०१ साली व्यावसायिकांची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. कारागीर आणि मजूर लोकांनाही हा खेळ खेळता यावा, त्यांच्यासाठी सार्वजनिक मैदाने व्हावीत म्हणून तो आयुष्यभर झटला. धाकटा ज्या सार्वजनिक मैदानावर शिकला तशी मैदाने या देशात आहेत त्यात टेलरसारख्यांचा वाटा आहे. आणि १९५७ साली, वयाच्या ८६व्या वर्षी, ज्या क्लबात तो पोरवयात बॅगा वाहत होता त्याच रॉयल नॉर्थ डेव्हन क्लबाने त्याला अध्यक्ष केले.

ही हकीकत धाकट्याने टॅक्सीत सांगितली. थोरला ऐकत होता. शेवटी एवढेच म्हणाला, "८६ वर्षे वाट बघायला लावली."

अठरा होल

गोल्फचा खेळ थोडक्यात असा. मैदानात अठरा ठिकाणी झेंडे रोवलेली छिद्रे असतात. प्रत्येकासाठी ठरावीक जागेवरून पहिला फटका मारायचा आणि कमीत कमी फटक्यांत चेंडू छिद्रात घालायचा. मधला कापलेला पट्टा म्हणजे फेअरवे, कडेचे वाढलेले गवत म्हणजे रफ, वाळूचे खड्डे म्हणजे बंकर आणि छिद्राभोवतीची अगदी बारीक हिरवळ म्हणजे ग्रीन. पंच नसतो. आपले फटके आपणच मोजायचे आणि खरे सांगायचे.

आम्ही दोघांसाठी वेळ राखून ठेवली होती. धाकट्याची बॅग स्वतःची, थोरल्यासाठी मित्राकडून आणलेली सात काठ्यांची हलकी बॅग. आमच्याबरोबर एक वयस्कर सभासद होते, सत्तरीच्या पुढचे, मृदू बोलणारे. त्यांनी थोरल्याला विचारले, "आपण बरीच वर्षे खेळता का?" थोरला म्हणाला, "मी बरीच वर्षे चालतो." त्यांनी त्यावर पुढे काही विचारले नाही.

पहिल्या तीन होलांवर थोरला खेळला. खेळला म्हणजे काय, दोन चेंडू झाडांत घातले. हरवलेला चेंडू तीन मिनिटांत सापडला नाही तर सोडून द्यावा लागतो, पूर्वी पाच मिनिटे मिळत. एक चेंडू त्याने अर्ध्या मिनिटात शोधून काढला. सभासद गृहस्थ चकित झाले. नजर अजून शाबूत होती, हात नव्हते.

चौथ्या होलवर त्याने आपली बॅग कुंपणापाशी ठेवली आणि धाकट्याची बॅग खांद्यावर घेतली.

धाकटा थांबला. "भाईजान, ती खाली ठेवा."

"का?"

"तुम्ही माझी बॅग उचलायची नाही. यासाठी आणले नाही मी तुम्हाला."

"अब्बांनी काय उचलले ते एकदा बघू दे."

गोल्फमध्ये दुसरा खेळाडू फटका मारत असताना बोलायचे नसते. सभासद गृहस्थ फटक्याच्या तयारीत होते, त्यामुळे आमचा वाद तिथेच अर्धवट थांबला. त्यांचा फटका झाला तोवर थोरला पंचवीस पावले पुढे निघून गेला होता. बॅग त्याच्या उजव्या खांद्यावर होती, अब्बा घेत तशीच, काठ्यांची तोंडे पुढे आणि एक हात त्यांच्यावर, खडखडाट होऊ नये म्हणून.

एका खेळाडूला चौदाच काठ्या बाळगता येतात. हा नियम १९३८-३९ सालचा, त्याआधी काही जण वीस-वीस काठ्या नेत आणि वाहणाऱ्याची कंबर मोडे. चौदा काठ्या, चेंडू, छत्री, पाणी, सगळे मिळून दहा-बारा किलोच्या घरात जाते. खडूच्या टेकडीवर चढ-उतार संपत नाहीत. सातव्या होलपर्यंत थोरल्याचा सदरा पाठीला चिकटला होता. धाकट्याचे लक्ष चेंडूवर नव्हतेच, एकामागून एक फटके वाया जात होते.

मग ग्रीनवर एक गोष्ट घडली. अब्बांचे दोन धडे आम्हा दोघांनाही पाठ होते. पहिला: "झंडे को नको देखो, घास को देखो." आपल्याकडच्या दूर्वेच्या जातीच्या हिरवळीला कल असतो. पाती ज्या दिशेला झुकलेली, त्या दिशेला चेंडू ओढला जातो. धाकटा आठ होल तेच पाहत होता आणि दर वेळी चुकत होता. इथले गवत बारीक, सुईसारखे, त्याला तसा कल नाहीच. अब्बांचा धडा या मातीत चालत नव्हता.

थोरल्याने बॅग उभी केली, ग्रीनला एक फेरी मारली आणि विचारले, "नदी कुठे आहे?"

अब्बांचा दुसरा धडा: "पानी किधर हाय, पहले वो पूछो." डोळ्यांना जमीन सपाट दिसली तरी ती पाण्याच्या बाजूलाच उतरत असते. पण या टेकडीवर ओढा नाही, डबके नाही. पाणी सगळे पोटात. आम्ही झाडांच्या फटीतून पूर्वेला पाहिले. खाली विंचेस्टर दिसत होते, घरांची लाल छपरे आणि त्यांच्यामध्ये कॅथेड्रलची लांबलचक पाठ. नदी तिथे, सकाळी पुलावरून पाहिलेली.

"मग दोन विती डावीकडे मार. सपाट दिसते त्यावर विश्वास ठेवू नकोस."

धाकट्याने तसा मारला. चेंडू आधी सरळ गेला, मग जणू आठवण आल्यासारखा शहराकडे वळला आणि छिद्रात पडला. सभासद गृहस्थांनी टोपी काढली. "इथे नवीन माणसाला हे कळायला वर्ष जाते," ते म्हणाले. "कोणी शिकवले?"

थोरल्याने मान वर केली. "आमच्या वडिलांनी. ते कॅडी होते." आयुष्यात पहिल्यांदा त्याने हे वाक्य गोल्फच्या मैदानावर उभे राहून मोठ्याने म्हटले.

नऊ होल संपल्यावर धाकट्याने काही न बोलता बॅगेचा पट्टा धरला. थोरल्याने सोडला नाही. दोघांनी थोडा वेळ धरून ठेवला. मग थोरला म्हणाला, "ठीक आहे. निम्मी तुझी." उरलेले नऊ होल बॅग धाकट्याने वाहिली, एकाच बॅगेतून दोघे खेळू नयेत म्हणून थोरल्याच्या सात काठ्याही दुसऱ्या खांद्यावर घेतल्या, आणि थोरला रिकाम्या हाताने चालला. पुढचे बरेचसे होल तो खेळलाही. चेंडू झाडांत जातच होते; पण आता तो त्यांना शिव्या देत होता, म्हणजे खेळत होता.

अठराव्या होलपर्यंत जूनचे लांब ऊन कलले होते. झाडांच्या सावल्या फेअरवेवर आडव्या पडल्या होत्या. धाकट्याचे फटके ९८. थोरल्याने आपले मोजले नाहीत. ते मात्र नियमात बसत नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द

खेळ संपल्यावर सभासद गृहस्थांनी आम्हाला चहाला नेले. पुढच्याच दाराने. थोरला उंबऱ्यावर क्षणभर थांबला, बुटांचे तळवे नीट घासले आणि आत गेला. आम्ही चहा आणि अंड्याचे सँडविच घेतले. मांसाबद्दल शंका असेल तर अंडी, मासे किंवा भाज्यांचे पदार्थ सहज मिळतात, विचारले तर नीट सांगतात.

ज्यांची मुले किंवा नातेवाईक इंग्लंडात आहेत त्यांनी विंचेस्टरसाठी एक अख्खा दिवस ठेवावा. सकाळी कॅथेड्रल आणि नदीकाठ, दुपारी टेकडी. अशा क्लबात पाहुण्यांना खेळता येते. मात्र वेळ आधी ठरवावी लागते, शक्यतो आठवड्याच्या कामाच्या दिवशी. कॉलरचा शर्ट घालावा, जीन्स चालत नाही. नवशिक्यांनी आधी सार्वजनिक मैदानावर हात बसवावा, तिथे खर्चही कमी येतो. खेळायचे नसेल त्यांनी शहराच्या दक्षिणेची सेंट कॅथरिन टेकडी चढावी, खडूची हिरवळ आणि नदीचे खोरे तिथूनही दिसते. स्थानकाकडे परतताना टॅक्सी न करता चालत यावे. सगळा उतारच आहे.

आम्ही तसेच चालत आलो. बॅग आलटून पालटून घेतली.

निघण्याआधी सभासद गृहस्थांनी आमचा एक फोटो काढला. "जरा आत सरका, बॅगही येऊ द्या," ते म्हणाले. धाकट्याने तो मोठा करून दिला आणि थोरल्याने घरी आणला. जुना फोटो आम्ही भिंतीवरून काढलेला नाही. तो आहे तिथेच आहे, नवा त्याच्याखाली लावला.

अम्मी आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी चष्मा लावून नवा फोटो बराच वेळ पाहिला. कुठले गाव, किती खर्च आला, जेवलात काय, यातले काहीच विचारले नाही. एवढेच विचारले, "बॅग किसने उठाई?"

थोरला म्हणाला, "दोघांनी. निम्मी निम्मी."

"फिर ठीक," अम्मी म्हणाल्या आणि चष्मा काढून ठेवला.